ट्रेंड जुनाच आहे हो

फॅशन डिझायनर आता लक्झरी घरांचं इंटिरिअरही करतात यावर एक लेख वाचला, त्यात हे काहीतरी नवीन धाडस असल्यासारखं लिहिलंय, पण अमेरिकन फॅशन डिझायनर राल्फ लॉरेनने होम कलेक्शन (घरसजावटीच्या वस्तू) १९८३ मध्येच आणलं, इटालियन डिझायनर अर्मानीचा घरसजावटीचा ब्रँड अर्मानी कासा २००० मध्ये आला आणि आपल्या लोअर परळला श्रीनिवास मिल या कापड गिरणीच्या जागेवर वर्ल्ड टॉवर्स हे आलिशान फ्लॅटचे टॉवर उभे राहिले तिथलं इंटिरिअर अर्मानी कासाचंच. म्हणजे जिथे कापड निघायचं तिथे आता कपडेवाल्याच्या नावावर फ्लॅट विकतात, असो.

रंगाची आणि कापडाची नजर या लोकांकडे असते हे शंभर टक्के मान्य. मुंबईत हॉर्निमन सर्कलचं फॅशन डिझायनर सब्यसाचीचं दुकान बघा, झुंबरं, गालिचे, भिंतीवर चित्रं, आत गेलं की कपडे बघायचे विसरतो माणूस (किमती बघून तर बाहेरच येतो 😄).

पण लेहेंगा दोनदा घालून कपाटात जातो, सोफ्यावर घरातले सगळे रोज लोळणार, त्यात मुंबईची हवा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी अशाच एका डिझायनरकडून पश्चिमेच्या भिंतीला भारीतला वॉलपेपर लावून घेतला, सुतार बिचारा सांगत होता आधी वॉटरप्रूफिंग करा, ऐकतो कोण, दुसऱ्याच पावसाळ्यात जोड सुटले आणि मागे सगळी काळी बुरशी, मखमली हेडबोर्डला कुबट वास तो वेगळाच.

डिझायनरने घरं जरूर करावीत, फक्त सोबत ओल, प्लाय, वायरिंग कळणारा माणूस ठेवावा आणि फोटो हँडओव्हरच्या दिवशीचे नको, दोन पावसाळ्यांनंतरचे टाकावेत.