डिचोलीच्या ताईंना उत्तर: फ्लॉगर, कंबर आणि 'नको' म्हणायची सोय

ताई, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, रोज लोकांच्या पाठी-कंबरा हाताळता, म्हणून तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. फ्लॉगर म्हणजे मुठीला बऱ्याच पट्ट्या लावलेला, जोडप्यांच्या संमतीच्या प्रणयखेळात वापरतात तो चाबूक. त्यावरच्या लेखात मी 'पाठीवर मारावं' एवढंच लिहून पुढे गेले. तुम्ही विचारलंत, 'पाठ म्हणजे नेमकी कुठे? मूत्रपिंडं मागेच असतात ना?' चूक माझीच. पाठ म्हणजे फक्त वरची, खांद्यांमागचा मांसल भाग, आणि तोही मणका सोडून दोन्ही बाजूंना. मान, माकडहाड, सांधे नकोत. शेवटच्या बरगड्यांपासून कमरेपर्यंतचा पट्टा तर अजिबात नको. नवख्यांनी कुल्ले आणि मांड्यांची मागची बाजू एवढ्यावरच थांबावं. ती ओळ आज सकाळीच बदलली.

पण 'नवख्यांना छोटा, हलका घ्यायला सांगा, म्हणजे कमी लागेल' हे काही पटलं नाही. आम्हीही पहिल्यांदा तसंच समजून बारीक पट्ट्यांचा, हातात वजनच जाणवणार नाही असा एक घेतला होता. तो असा झोंबला की दहाव्या फटक्याला मी थांबवलं. बारीक, कडक पट्टी वेगाने येते आणि तिचा सगळा जोर कातडीच्या एका रेघेवर पडतो. रबराच्या पट्ट्या तर फारच झोंबतात. त्याउलट रुंद, मऊ स्वेडच्या (लवदार चामड्याच्या) भरपूर पट्ट्या असल्या की मार पसरतो, धप्प असा आत स्नायूंत जाणवतो. त्यामुळे दुकानात नुसतं वजन बघू नका. पट्ट्या तळहातावर घ्या, कडा बोटाने चाचपून बघा, मूठ मनगटाला जड होत नाही ना ते बघा. पट्ट्या साधारण 40 ते 50 सेंमी पुरे. त्याहून लांब असल्या की टोकं कुठे जातील ते नवख्या हाताला कळत नाही.

खरा धोका या टोकांचाच. मारणारा फार जवळ उभा राहिला की पट्ट्यांचा मधला भाग अंगावर आपटतो आणि टोकं वळसा घालून कुशीवर, कंबरेच्या हाडावर बसतात, तीही जास्त जोराने. हे नवऱ्याला तोंडी सांगून कळेना. मग पलंगावर लोड ठेवला, त्यावर काळी चादर पसरली, टोकांना टाल्कम पावडर लावली आणि त्याला मारायला सांगितलं. पांढरे ठिपके लोडाच्या पलीकडच्या कडेला उमटले होते! एक पाऊल मागे सरकल्यावर ते मधोमध आले. महिनाभर लोडानेच मार खाल्ला, मग मी.

आता तुमचा मुख्य आक्षेप. 'असलं वाचून बायकोला मारणाऱ्याला निमित्त मिळेल.' ताई, तशी घरं माझ्याही ओळखीत आहेत, म्हणून हा प्रश्न मला टाळायचा नाही. त्या घरात मार सुरू होण्याआधी कुणी विचारत नाही, आणि बाईच्या शब्दाने तो थांबत नाही. आमच्याकडे काय चालेल, काय नाही ते आदल्या दिवशी कपडे घातलेले असताना, चहा पिताना ठरतं. 'पिवळा' म्हटलं की हात हलका होतो, 'लाल' म्हटलं की थांबतो. तोंड उशीत असेल तर माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो, तो खाली पडला की खेळ संपला. भांडण झालं असेल किंवा पोटात घोटभर फेणी गेली असेल तर त्या दिवशी फ्लॉगर कपाटातच. आणि नंतरचा अर्धा तास चादर, पाणी आणि त्याची कूस, हा माझा हक्क आहे.

कायद्याचंही तुम्ही विचारलंत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 नुसार (जुन्या दंड संहितेत ते 87 होतं) 18 वर्षांवरच्या माणसाच्या संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसावा आणि तसं होण्याची शक्यता आहे याची जाणीवही नसावी. कलम 28 सांगतं की भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे. मार खाणाऱ्या त्या बायकांची 'संमती' कुणी पुढे केली तर हे दुसरं कलम जरूर दाखवा.

'चामडं धुता येत नाही, मग स्वच्छतेचं काय?' तेही रास्त. चामडं ओल शोषतं, रक्त लागलं तर ते पूर्ण निर्जंतुक होत नाही. म्हणून एक फ्लॉगर एकाच माणसासाठी, आणि कातडी फुटायच्या आधी थांबायचं. शिवाय आपल्याकडचा पावसाळा! जुलैत फोंड्याच्या घरात कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पट्ट्या मोकळ्या सोडून सावलीत, पंख्याखाली टांगा.

एक विनंती. मागून दिसणाऱ्या शरीराची साधी आकृती काढून त्यात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या जागा रंगवून द्याल का? तुमचा हात माझ्यापेक्षा नेमका पडेल. लेखात सगळ्यात वर लावीन, तुमचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही सांगा.