दाजी, कुठली आणू?

रात्री पावणेबाराला मेव्हण्याचा फोन. "दाजी, दुबईच्या विमानतळावर आहे, ड्युटी फ्रीमध्ये. कुठली आणू? पटकन बोला, दहा मिनिटांत बोर्डिंग आहे."

हा प्रश्न मला विचारला जावा असं माझं कर्तृत्व नाही. आपल्याकडे पिणाऱ्याला 'तो बसतो' म्हणतात. त्या हिशेबानं मी आजवर नुसता टेकलोय. महिन्यातून दोन शनिवार, दोन स्मॉल, त्यातला दुसरा अर्धा कुंडीत. पण दोन वर्षांपूर्वी साडूंच्या घरी कुठल्याशा व्हिस्कीचा घोट घेऊन मी "हिच्यात पीट कमी आहे" असं म्हणून गेलो. हा शब्द मी त्याच दिवशी सकाळी वाचला होता आणि कुठेतरी वापरून टाकायचा होता, इतकंच. तेव्हापासून सासरच्या मंडळींत मी सिंगल माल्टमधला जाणकार. बारशाला, मुंजीला, कुठेही कोपऱ्यात घेऊन माझा सल्ला घेतात.

"कुठल्या कुठल्या आहेत?" मी वेळ काढला.

"ग्लेन काहीतरी, ग्लेन काहीतरी, आणि हीपण ग्लेनच आहे."

ग्लेन म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत खोरं. आपल्या मुळशी खोऱ्यासारखं, मोसे खोऱ्यासारखं. ग्लेनफिडिक म्हणजे हरणांचं खोरं, ग्लेनलिव्हेट म्हणजे लिव्हेट नदीचं. एकदा हे कळलं की भीड चेपते. 'हरणखोरे, वय वर्षे 12' असं लिहिलेली बाटली कुणी दहा हजारांना मागितली तर आपण निदान घासाघीस तरी करू. वयाचंही तसंच. बाटलीत निरनिराळ्या पिंपांतली दारू एकत्र केलेली असते आणि वर आकडा लिहायचा तो सगळ्यांत धाकट्या पिंपाचा, असा तिकडचा कायदा. त्या नियमानं आमच्या एकत्र कुटुंबाचं वय सध्या सहा आहे आणि ते पुष्कळदा वाटतंही.

"दाजी, चार मिनिटं. इथे एकीवर लिहिलंय आय, एस, एल, ए, वाय. इस्ले."

"इस्ले नाही रे. आयला!"

"काय झालं दाजी?"

"काही झालं नाही. तो उच्चार आहे. आयला!"

"अहो, पण मी काय केलं?"

आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट आहे आणि त्यातला 'एस' मुका आहे, हे समजावण्यात दोन मिनिटं गेली. शेजारून बायको म्हणाली, "आणायला सांगताय ना? मग शिव्या कशाला देताय त्याला?" मी घाईघाईनं "तीच आण" म्हणून फोन ठेवला. माणसं व्हिस्की निवडतात ती अशी.

दुबईहूनच का, तर वर्षानुवर्षे परदेशी व्हिस्कीवर आपल्याकडे 150 टक्के आयातशुल्क होतं. 2025 साली ब्रिटनशी करार झाला. त्यात ते आधी 75 वर आणि पुढे दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं. म्हणजे आज पिंपात भरलेली दारू दहा वर्षांची होईल, तेव्हा ती मला परवडेल. दोघांनीही थांबायचं. तोपर्यंत परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येते, त्यामुळे मेव्हणा परदेशी जायला निघाला की घरात त्याचं कौतुक सुरू होतं.

शनिवारी बैठक आमच्याकडे. मेव्हणा, साडू आणि सासरे. सासरे पीत नाहीत, चखण्याला बसतात. परवान्याचं विचाराल तर माझ्याकडे आजन्म परवाना आहे. 'आरोग्याचे जतन व संवर्धन' यासाठी सरकार तो हजार रुपयांत देतं. माझ्या आरोग्याची इतकी काळजी अजून आरोग्य विम्यानं केलेली नाही.

बाटली उघडण्याआधी मी छोटंसं भाषण केलं. सातूला मटकीसारखे मोड आणतात, तो माल्ट. (बायको आतून: "म्हणजे उसळीचाच प्रकार.") एकाच भट्टीतली असेल तर सिंगल. मग निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात. पिंप बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेलं, कारण तिकडच्या बर्बन व्हिस्कीला कायद्यानं दर वेळी कोरं पिंप लागतं, मग जुनी स्कॉटलंडकडे. थोरल्याचे कपडे धाकट्याला, तसं. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचं मूळ साखर कारखान्याच्या मळीत असतं, तिला युरोपात व्हिस्की म्हणता येत नाही.

साडू कराडचे, कारखान्याचे सभासद. त्यांचा चेहरा पडला. "मग मी तीस वर्षं काय पितोय?"

"ऊस," मेव्हणा म्हणाला.

स्कॉटलंडात दर वर्षी पिंपातली सुमारे 2 टक्के दारू उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या उन्हात हेच 10 ते 12 टक्के होतं. तिथले देवदूत पाचपट पितात, रहदारीत अडकत असणार बिचारे. पण त्याच उन्हामुळे तिथली माल्ट चार-पाच वर्षांतच तयार होते. तिथल्याच 'अमृत' भट्टीवाल्यांनी 2004 साली आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोत. पंढरपुरात जाऊन बडव्यांना बुक्का विकण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. हे सगळं मी सांगत होतो आणि सगळ्यांचं लक्ष बुचाकडे होतं.

बूच निघालं. खोलीत शाळेतल्या प्रथमोपचार पेटीचा वास पसरला. मागोमाग धूर.

"दाजी, ही खराब झालीय का?"

"हाच पीट," मी म्हणालो. आवाज माझाच होता, खात्री नव्हती. बेटावर झाडं कमी, म्हणून दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ आणि गवत विटांसारखं कापून, गोवऱ्यांसारखं वाळवून जाळतात. त्या धुरावर मोड आलेले सातू सुकवायचे. हे सगळं मी वाचलं होतं. वास कुणी लिहिला नव्हता. जे लिहिलेलं असतं ते हेदर फुलांचा मध, ख्रिसमस केक असलं काहीतरी, आणि आमच्या कुटुंबात हेदर कुणी पाहिलेलं नाही.

साडूंनी सोडा मागितला. मी त्यांचा हात धरला. "दोन थेंब पाणी घाला फक्त. त्यानं ती खुलते." यालाही आधार होता. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर आकडेमोड करून दाखवलंय की, पाणी घातलं की ग्वायकॉल नावाचा रेणू पृष्ठभागाकडे येतो आणि वास वाढतो. हा ग्वायकॉल म्हणजेच तो धुराचा वास, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. साडूंनी पाणी घातलं, ग्लास नाकाशी नेला आणि शेंगदाण्यांची वाटी घेऊन ते गॅलरीत जाऊन बसले. मेव्हण्यानं मोठ्या धीरानं अर्धा पेग संपवला आणि फ्रिजमध्ये बिअर आहे का, ते बघायला गेला.

तेवढ्यात सासऱ्यांनी हात पुढे केला. ग्लास घेतला, डोळे मिटून हुंगला, पुन्हा हुंगला.

"बंब," ते म्हणाले.

"काय मामा?"

"आमचा वाड्यातला बंब हो, जावईबापू. तांब्याचा. दिवाळीत पहाटे चारला आई पेटवायची. ओली लाकडं असली की पाण्यालासुद्धा असा धूर लागायचा."

मी ग्लास परत घेऊन हुंगला. खरंच, बंब. भट्टीचं भांडंही तांब्याचंच असतं, हे मला तेव्हा आठवलं, पण एकदाचं गप्प बसलो.

बाटली माझ्याकडेच राहिली. लिटरची, त्यातली नऊशे मिली शिल्लक. कुणी न्यायला तयार नाही, ओतून द्यायला बायको तयार नाही, "माझ्या भावानं आणलीय." 30 मिलीप्रमाणे 30 शनिवार झाले. पहिले तीन शनिवार मी औषधासारखी घेतली, परवान्यावर लिहिल्याप्रमाणे. चौथ्या शनिवारी पाऊस होता, आणि ग्लास केव्हा संपला ते कळलं नाही. सहाव्या शनिवारपासून सासरे 'सहज' येऊ लागले. पीत नाहीत. माझा रिकामा ग्लास घेऊन खुर्चीत बसतात, मधूनमधून हुंगतात आणि आईनं कोणाला आधी आंघोळीला बसवलं, त्याबद्दलची साठ वर्षांपूर्वीची तक्रार सांगतात.

परवा बाटलीत जेमतेम तीन बोटं उरली होती, तेव्हा फोन वाजला.

"दाजी, दुबईला आहे. या वेळी साधी आणतो ना एखादी? कुठली आणू?"

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून आवाज आला, "बंबाची आण म्हणावं त्याला."