चौदा जून, आणि लॅटव्हियाचे माहितीपट

जून उजाडला की आमच्या सोलापूरच्या घरात वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचा एक दिवस ठरलेला असायचा. खाकी कागद कधी लागलाच नाही. बाबा गिरणीत होते, युनियनचे खंदे कार्यकर्ते, आणि त्यांच्याकडे सोव्हिएत वकिलातीकडून निघणाऱ्या मासिकांचा गठ्ठा असायचा. जाड, गुळगुळीत कागद, वर रंगीत फोटो. गव्हाची शेतं, धरणं, गळ्यात लाल रुमाल बांधून हसणारी मुलं. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर अशीच एक मुलगी हसत होती. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणांच्या वह्या अशाच असतील.

हे आज आठवायचं कारण म्हणजे उद्या चौदा जून, १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने लॅटव्हियातल्या हजारो लोकांना सायबेरियात हद्दपार केलं तो दिवस. गेलं वर्षभर मी जमतील तसे लॅटव्हियाचे माहितीपट बघतेय. फिल्म सोसायटीतल्या एका मित्राने एक पाठवला, मग मीच शोधत सुटले. आता त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लॅटव्हिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा एवढासा देश. आजची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. जून १९४० मध्ये तिथे सोव्हिएत फौजा शिरल्या, १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन आले, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत, ते थेट १९९१ पर्यंत. एका माणसाने घर न सोडता तीन राजवटी बघितल्या. आणि प्रत्येक राजवटीने आधीच्या राजवटीत कोण काय करत होतं याचा हिशोब मागितला.

१३ जून १९४१ च्या रात्री दारं वाजायला लागली. चौदा तारखेला पंधरा हजारांहून जास्त माणसं मालगाडीच्या डब्यांत भरली गेली. त्यात दहा वर्षांच्या आतली मुलंच चोवीसशेहून जास्त होती. स्टेशनवर पुरुषांना वेगळं काढलं, त्यांची रवानगी छावण्यांत. बायका-मुलं सायबेरियात, क्रास्नोयार्स्क नाहीतर तोम्स्कच्या बाजूला. बहुतेक मुलांनी वडिलांना शेवटचं पाहिलं ते त्या फलाटावर.

या मुलांना झिंत्रा गेका नावाच्या दिग्दर्शिकेने शोधून काढलं. मुलं म्हणजे तोवर साठी-सत्तरीच्या घरात पोचलेली. २००१ मध्ये त्यांचा 'सायबेरियाची मुलं' आला, आणि त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. वर्षामागून वर्ष कॅमेरा घेऊन सायबेरियात जात राहिल्या. कधी जुन्या कैद्यांना आणि त्यांच्या मुलांना सोबत नेलं, येनिसेई नदीच्या काठावर जिथे कबरी असायला हव्यात तिथे आता नुसतं गवत आहे ते दाखवलं. शेकडो मुलाखती त्यांनी जमवल्यात.

या पटांत कसब दाखवायची घाई नाही. समोर एक म्हातारं माणूस बसलंय आणि बोलतंय, बस. बर्फाखालचे कुजके बटाटे उकरले, आई स्वतःची भाकरी मुलांना देत राहिली आणि आधी तीच गेली, हे सगळं बाजारातून भाजी आणल्यासारख्या स्वरात सांगतात. रडत नाहीत फारसे. मग एखाद्या फालतू वाटणाऱ्या गोष्टीपाशी, एखाद्या शालीपाशी, शिलाईच्या मशीनपाशी, आवाज अडकतो. कॅमेरा तिथून हलत नाही. मला वाटतं गेकांचं मोठेपण या न हलण्यात आहे. काही जण तिकडेच राहिले, संसार थाटले, त्यांना मातृभाषा अर्धीमुर्धीच आठवते. एखादं वाक्य लॅटव्हियनमध्ये सुरू होतं आणि रशियनमध्ये संपतं. उपशीर्षकं वाचणाऱ्या मलाही तो बदल कानाला कळतो.

आणखी एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हजाराहून जास्त अनाथ आणि अर्धअनाथ मुलांना लॅटव्हियात परत आणलं गेलं. आजी, आत्या, मावशी, कोणी ना कोणी घरात घेतलं. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्यातल्या कितीतरी जणांना पकडून पुन्हा सायबेरियात धाडलं. त्याच सुमारास, मार्च १९४९ मध्ये, दुसरी मोठी हद्दपारी झाली होती, बेचाळीस हजारांहून जास्त माणसांची. एकदा सुटलेलं पोर दुसऱ्यांदा त्याच डब्यात. हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण कॅमेऱ्याचं हे न हलणं आलं कुठून? सोव्हिएत काळात राजधानी रिगाच्या सरकारी स्टुडिओत माहितीपटवाल्यांची एक पिढीच तयार झाली. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन होतं, थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांचं समाचारचित्र लागायचं. तिथेही तसंच सरकारी काम, पटकथा मंजूर करून घ्यायची, निवेदन तपासून घ्यायचं. मग या लोकांनी निवेदनच कमी केलं. शब्द कापता येतात, चेहऱ्यावरचा भाव कसा कापणार?

हेर्त्स फ्रांक यांचा १९७८ मधला 'दहा मिनिटांनी मोठा' बघा. दहा मिनिटांचा एकच शॉट, मध्ये एकही कट नाही. अंधाऱ्या सभागृहात मुलं बाहुल्यांचा खेळ बघतायत आणि कॅमेरा एका लहानग्याच्या चेहऱ्यावर. रंगमंच दिसतच नाही. पोरगं हसतं, दचकतं, ओठ काढतं, डोळे भरून येतात, पुन्हा खुलतं. भलं आणि बुरं म्हणजे काय ते त्याला आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कळतंय आणि आपण ते कळताना बघतोय. यात इतिहास कुठे आला, असं कोणी विचारेल. माझ्यासाठी मात्र पुढच्या सगळ्या पटांची किल्ली या दहा मिनिटांत आहे. फ्रांक हे लुद्झा गावातल्या ज्यू फोटोग्राफरचे चिरंजीव, हेही लक्षात असू द्या, त्याकडे परत येते.

तो शॉट घेणारा कॅमेरामन होता युरिस पोडनिएक्स. १९८६ मध्ये त्याने स्वतः 'तरुण असणं सोपं असतं का?' केला. ओग्रे गावात रॉक कॉन्सर्ट होते, परतीच्या गाडीत पोरं डब्यांची मोडतोड करतात, काही जणांवर खटला चालतो. त्या धाग्याने पोडनिएक्स तरुणांपर्यंत पोचतो. पंक पोरं, अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक, आणि चक्क हरे कृष्ण म्हणणारी मुलं, ज्यांच्यामागे तेव्हा पोलीस असायचे. तो कुणालाही झापत नाही, विचारतो आणि ऐकतो. अफगाणिस्तानातून आलेली मुलं ज्या थकव्याने बोलतात ते बघितल्यावर मासिकातला कुठलाच फोटो पहिल्यासारखा दिसत नाही. गोर्बाचेव्हच्या काळात हा पट साऱ्या सोव्हिएत संघात गेला आणि लोकांनी तिकिटाला रांगा लावल्या. माहितीपटाला!

जानेवारी १९९१. शेजारच्या लिथुआनियात, व्हिल्नियसमध्ये, सोव्हिएत सैन्याने माणसं मारल्यावर रिगाच्या लोकांनी रस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर, लाकडाचे ओंडके लावून शहर अडवलं, थंडीत शेकोट्या पेटवून दिवसरात्र पहारा दिला. वीस तारखेच्या संध्याकाळी ओमोन या सोव्हिएत विशेष पोलीस दलाने गृहमंत्रालयावर हल्ला केला. पोडनिएक्सचं पथक चित्रण करत होतं. त्यातला कॅमेरामन अँड्रिस स्लापिन्श तिथेच मारला गेला. गोळी लागल्यावरही त्याने सोबत्यांना चित्रण चालू ठेवायला सांगितलं असं सांगतात. ग्विदो झ्वाइग्झ्ने जबर जखमी झाला आणि फेब्रुवारीत वारला. मंत्रालयासमोरच्या बागेत आज त्या संध्याकाळी पडलेल्यांच्या स्मृतीचे दगड आहेत. पोडनिएक्स १९९२ मध्ये तळ्यात बुडून गेला, वय एक्केचाळीस. ती दृश्यं मी एकदाच बघितली. अंधार, पळणारी माणसं, हलणारी फ्रेम. पुन्हा बघायचं धाडस झालेलं नाही.

आता ज्यावरून वाद होईल ते लिहिते.

या विषयावरचा जगात सगळ्यात गाजलेला लॅटव्हियन पट म्हणजे एड्विन्स श्नोरेंचा 'द सोव्हिएत स्टोरी', २००८ मधला. मॉस्कोत लॅटव्हियाच्या वकिलातीसमोर श्नोरेंचा पुतळा जाळला गेला, पुढे ते स्वतः खासदार झाले. युक्रेनचा दुष्काळ, कातिनमधलं पोलिश अधिकाऱ्यांचं हत्याकांड, हिटलर-स्टालिन करार, सगळं त्यात आहे, आणि ते घडलेलं आहे. तरीही तो पट मला आवडला नाही. प्रेतांवर प्रेतं, त्यावर काळजात धडकी भरवणारं संगीत, आणि निवेदक आपल्याला काय वाटलं पाहिजे ते सांगतोय. ज्या सोव्हिएत प्रचारपटांवर तो तुटून पडतो त्यांचीच घाई त्याच्यात आहे. आपल्याकडे फेसबुकवर डाव्यांच्या तोंडावर फेकायला लोक नेमक्या याच पटाचे तुकडे वापरतात. त्यातल्या किती जणांनी गेकांच्या एकाही म्हातारीचं पूर्ण ऐकलंय?

उलट बाजूचे मित्रही आहेत माझे. ते म्हणतात, हे लॅटव्हियावाले तर हिटलरच्या बाजूने लढले, त्यांचं काय ऐकायचं. त्यांना एवढंच सांगते. हो, तिथल्या लाखाच्या आसपास तरुणांना जर्मनांनी आपल्या लष्करात घातलं, बहुतेकांना सक्तीने. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला लाल सैन्यातही लॅटव्हियनच होते, आणि १९४४ च्या नाताळात पश्चिम लॅटव्हियातल्या कुर्झेमेच्या चिखलात हे दोघे समोरासमोर उभे होते. आणि याहून भयंकर म्हणजे रुम्बुला. रिगाजवळचं छोटं स्टेशन. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१, दोन दिवसांत पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू तिथे मारले गेले. हुकूम जर्मनांचा, पण माणसं हाकत नेणाऱ्यांत स्थानिक लॅटव्हियनही होते. हे झाकून चौदा जूनचं रडणं मला मान्य नाही. पण चौदा जूनच्या त्या डब्यांत ज्यू कुटुंबंही होती, लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त. म्हणजे एकाच समाजाची माणसं जूनमध्ये सायबेरियात आणि डिसेंबरमध्ये खड्ड्यात. एक दुःख दुसऱ्याला खोटं पाडत नाही. हेर्त्स फ्रांक यांनी देश मोकळा झाल्यावर रिगाच्या घेट्टोवर, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीवर, पट केला, १९९२ मध्ये. असे पट आणखी हवे होते, असं मला मनापासून वाटतं. गेकांच्या कामाइतकंच चिवट काम तिथेही व्हायला हवं.

इल्झे बुर्कोव्स्का-याकोबसेन यांचा 'माझं आवडतं युद्ध' (२०२०) हा अ‍ॅनिमेशन माहितीपट या सगळ्यात मला सर्वात जवळचा. १९७० च्या दशकात कुर्झेमेमध्ये वाढलेली मुलगी. वडील पक्षाचे सभासद, आजोबा सायबेरियात जाऊन आलेले. शाळेत, टीव्हीवर, सगळीकडे एकच युद्ध, आपण जिंकलेलं. आणि पायाखालच्या मातीत अजून सैनिकांची हाडं. वडिलांवर जीव असलेली मुलगी वडिलांचा पक्ष कशी बघेल? तिने वडिलांना दोषी ठरवण्यासाठी पट केलेला नाही, आणि सोडूनही दिलेलं नाही. ती हळूहळू एकेक प्रश्न विचारत जाते.

माझेही प्रश्न तेच आहेत. बाबा २००३ मध्ये गेले. त्यांनी आम्हाला जी स्वस्त, सुंदर रशियन गोष्टींची पुस्तकं आणली त्यांनी मला वाचायला लावलं, आणि त्यांच्या युनियनमुळे कितीतरी घरांत दोन वेळची चूल पेटली. त्यातलं काहीच मला टाकायचं नाही. पण तो भूगोलाच्या वहीवरचा फोटो छापला जात होता तेव्हा सायबेरियातून परतलेली ही मुलं चाळिशीत होती, आणि जिथे गेलो होतो त्या गावाचं नावही उघडपणे घेता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात बाबांच्या युनियनमधले एक काका घरी आले होते. वय सत्त्याऐंशी, ऐकू कमी येतं. मी भीतभीतच गेकांचा एक पट लावला आणि उपशीर्षकं मोठ्याने मराठीत सांगत गेले. मला वाटलं चिडतील, उठून जातील. एक आजी डब्यातल्या प्रवासाबद्दल, धाकट्या भावाबद्दल सांगत होती. ते झालं तसं काका म्हणाले, "ताई, तेवढं परत लाव."

परत लावलं. चहा तसाच राहिला. जाताना दारात चपला घालत म्हणाले, "तुझे बाबा असते तर भांडले असते तुझ्याशी. पण बघितलं असतं शेवटपर्यंत."

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या हॉलमध्ये आधी 'दहा मिनिटांनी मोठा' लावणार आहे आणि मग 'सायबेरियाची मुलं'. उपशीर्षकं मी मराठीत वाचेन. सात-आठ जण आरामात मावतात. काका येणार आहेत, त्यांची खुर्ची पुढे ठेवलीय. सोलापुरात असाल आणि यायचं असेल तर मेसेज करा.