उचल घेतली म्हणजे राजीखुशी झाली का?

ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. आशय असा: मजुराला लाखभर रुपये बिनव्याजी उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, मिळते, कोणी बळजबरी करत नाही, दर बाजार ठरवतो, आणि नको असेल त्याने येऊ नये. मुक्त बाजार म्हणजे हेच स्वातंत्र्य, त्यात सरकारने आणि संघटनांनी पडू नये.

‘उचल बिनव्याजी असते’

हिशेब मांडून पाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 366 रुपये झाला. चांगल्या फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, ऊस लोळलेला असेल तर दीड टनातच दिवस जातो. दोन टनांचे झाले 732 रुपये, म्हणजे माणशी 366. त्यात तोडणे, पाचट साळणे, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे सगळे आले. काम पहाटे चारला सुरू होते. गाडी रात्री बाराला आली तर तेव्हा उठून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचे.

एक लाखाची उचल फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तरी 137 दिवस, तेही एकही खाडा, म्हणजे सुट्टी, न करता. 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि बऱ्याच कारखान्यांचे गाळप फेब्रुवारी-मार्चमध्येच आटोपले. 105 दिवस काम मिळाले असे धरा: 210 टन, 76,860 रुपये. म्हणजे 23,140 रुपये अंगावर राहिले, आणि दर आठवड्याला खाण्यापिण्यासाठी घेतलेली खर्ची यात अजून धरलेलीच नाही. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे येतात, पण ते मिठामिरचीला जातात. ही बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराकडे, फेडायची. व्याज कागदावर नसेल, ते असे वसूल होते.

‘दर बाजार ठरवतो’

साखरधंद्यात असा बाजार आहे कुठे? उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवते, 2024-25 ला 10.25 टक्के उताऱ्यासाठी (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी) ती टनाला 3,400 रुपये होती. साखर किलोला 31 रुपयांखाली विकायची नाही, हा दर 2019 मध्ये बांधून दिला गेला. इथेनॉलचे दरही सरकारी. महाराष्ट्रात दोन कारखान्यांमध्ये 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आहे, म्हणजे शेजारी स्पर्धकही सहज उभा राहू शकत नाही. एवढे संरक्षण योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण ते घेऊन झाल्यावर फक्त कोयत्याची गोष्ट निघाली की बाजाराचे नाव पुढे करणे खरे नाही. ती 34 टक्के वाढसुद्धा बाजाराने दिलेली नाही, मजूर संघटनांनी साखर संघाशी, म्हणजे कारखान्यांच्या संघाशी, बोलणी करून मिळवलेली आहे.

‘नको असेल त्याने येऊ नये’

खरा मुद्दा इथे आहे. मुक्त व्यवहारात माणसाला आत येता येते तसे बाहेरही पडता आले पाहिजे. उचल दिली जाते ती दिवाळीच्या आधी, कोरडवाहू रानातले हाती काही नसते आणि दवाखान्याचे, लग्नाचे देणे डोक्यावर असते तेव्हा. त्या दिवशी पुढच्या पाच महिन्यांची मेहनत विकली जाते. जानेवारीत शेजारच्या कारखान्याने जास्त दिले तरी मजुरांची टोळी तिकडे जाऊ शकत नाही. वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि तोडणारा तेव्हा फडात असतो, त्यामुळे आपण किती टन तोडला हेही त्याला मुकादमाच्या वहीवरून कळते.

आणि खाडा. आजारपणामुळे एक दिवस बुडाला की मजुरी जातेच, वर दंड लागतो. बाईची पाळी असो की बाळंतपण, खाडा तो खाडाच. राज्य सरकारने 2019 मध्ये नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. प्रत्येकीचे कारण एकच नव्हते, हे मान्य. तरी या आकड्यापुढे राजीखुशीची भाषा करवत नाही.

‘मजूरच उचल बुडवतात’

काही बुडवतात. दोन मुकादमांकडून पैसे घेऊन तिसरीकडे जाणारेही आहेत, आणि त्यात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार खरोखर बुडतो. पण ही साखळी बघा: कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा टोळीशी, तोही बहुधा तोंडी किंवा कोऱ्या स्टँपवर. ज्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागी) ऊस पडतो तो कारखाना मजुराचा मालकच नाही. त्याने सरळ कोयत्याशी लेखी करार केला, नोंदणी केली आणि पैसे खात्यावर दिले, तर एका जोडप्याला दोनदा उचल घेताच येणार नाही. प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती फोनवर पाठवणेही आज अवघड नाही.

बुडवलेली उचल हे दिवाणी देणे आहे. त्यासाठी माणसाला गाडीत घालून आणणे, बायकोला किंवा पोराला अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा कायदा इंग्रजांनी 1859 मध्ये केला होता, तो त्यांनीच 1925 मध्ये रद्द केला.

‘सरकारने मध्ये पडू नये’

वेठबिगार निर्मूलन कायदा 1976 चा आहे. आगाऊ रकमेपोटी दुसरे काम धरण्याचा, कुठेही जाण्याचा किंवा बाजारभावाने श्रम विकण्याचा हक्क गेला, तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज कायद्याने संपते. म्हणजे हा कायदाच मजुराला बाजारात मोकळा सोडतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, पोटाच्या गरजेतून आलेली सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे असे सांगितले.

अडकलेल्या टोळीने अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करावा. टोळीतल्या सगळ्यांची नावे, मुकादमाचे नाव, फडाचे गाव, कारखाना, उचल किती व कधी घेतली, आतापर्यंत किती खेपा भरल्या, हे लिहावे. कागद हाताशी नसला तरी अडू नये: हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 15 प्रमाणे पैसे देणाऱ्यावर आहे.