आठच्या आठ जण मागे वळले नव्हते

परवा बहिणीला कुणीतरी तो मेसेज पुन्हा पाठवला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे, म्हणून असले मेसेज तिच्याकडे हमखास येतात, खाली जोडलेले हात. मजकूर असा : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींची बहीण युनिस श्रायव्हर, तिची बहीण रोझमेरी जन्मतःच बोलू-चालू न शकणारी, त्या दयेपोटी युनिसनं एकटीनं स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिकदृष्ट्या अक्षम खेळाडूंच्या स्पर्धा, काढलं. तिथं शर्यतीत एक मुलगा पडला, बाकीचे आठही मागे फिरले आणि सगळ्यांनी हातात हात घालून रेषा ओलांडली. ‘देवाच्या या लेकरांना हार-जीत कळतच नाही.’

शर्यतीत काहीतरी घडलं होतं, हे मान्य. स्पेशल ऑलिंपिक्सच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कार्यालयानं सांगितलंय, १९७६ साली स्पोकेनला एक खेळाडू पडला आणि एक-दोघं मागे वळले. एक-दोघं! बाकीचे धावत राहिले. शर्यतीत धावायचंच असतं.

ते शेवटचं वाक्य मात्र डोक्यात जातं. हार-जीत कळत नाही? भाचा दुसरा आला तेव्हा त्यानं रौप्यपदक गळ्यात घालू दिलं नाही. मुठीत आवळून, गाडीच्या खिडकीकडे तोंड करून बसला. पहिल्या आलेल्या मुलाचं नाव तीन दिवस कुणाला काढू देत नव्हता. युनिसबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर, पहिल्याच स्पर्धेच्या उद्घाटनात त्यांनी सांगितलेली शपथ सुरूच अशी होते : ‘मला जिंकू दे. जिंकता आलं नाही, तर निदान शूरासारखा प्रयत्न करू दे.’ देवाची लेकरं म्हटलं की मैदान, प्रशिक्षक, सराव यांची जबाबदारी आपल्यावर येत नाही, एवढीच त्यातली सोय.

रोझमेरीबद्दलचं तर धडधडीत खोटं. ती शिकण्यात मागे होती, पण रोजनिशी लिहायची. १९३८ मध्ये लंडनच्या राजदरबारात रीतसर हजर झाली होती. १९४१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले दुवे कापण्याची शस्त्रक्रिया, करवली. चालणं-बोलणं गेलं ते त्यानंतर. बापाचं पाप मेसेजवाल्यानं जन्माच्या माथी मारलं.

दयेपोटी? १९६२ मध्ये मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात बाईंनी शिबिर भरवलं, तिथं पोहणं होतं, घोडेस्वारी होती. नुसती कीव करणारा माणूस या मुलांना घोड्यावर बसवत नाही.

राहिलं ‘एकटीनं’. पैसा आणि पसारा केनेडी कुटुंबाच्या फाउंडेशनचा, हे खरं. पण शिकागोतल्या स्पर्धांची मूळ कल्पना तिथल्याच एका तरुण शिक्षिकेची, पुढे इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या ॲन बर्क यांची. एवढ्या लांबलचक मेसेजात हे एक नाव मावलं नसतं का?