दिसण्यासाठी नव्हे हो, हँडलिंगसाठी!

गाडीची उंची बदलायचं मनात आलं असेल, तर पाना उचलायच्या आधी कारण तयार ठेवा. ‘भारी दिसते म्हणून’ हे कारण पुण्यात चालत नाही. इथे मिसळ खायलासुद्धा शास्त्राधार लागतो. तेव्हा कोणी विचारलंच, तर शांतपणे ‘हँडलिंगसाठी’ म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. पुढचा प्रश्न सहसा येत नाही. आलाच, तर ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ आहेच.

कंपनीने गाडीच्या पोटाखाली १६०-१७० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, कशासाठी ठेवला, या वादात पडू नका. कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, वाहन-संशोधनाची १९६६ सालची संस्था, तिथे बिचारे गाड्यांच्या चाचण्या करत बसतात. टेकडी उतरलं की तोच प्रश्न ग्राइंडरने चहा निवायच्या आत सुटतो. गाडी खाली घ्यायला कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप, परवडत नसतील तर स्प्रिंगचा एक वेढा कापा. वेढे कमी झाले की स्प्रिंग जास्त कडक होते, वर शॉकअपला दबायला जागाही उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन थेट बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आपटतं. मणक्यापर्यंत पोचणाऱ्या या ‘धप्प’ला ‘रोड फीडबॅक’ म्हणायचं असतं.

आता एक गोष्ट हळूच सांगतो, बाहेर बोलू नका. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचे एकत्र उभे खांब, असतात. अशी गाडी फार खाली घेतली की खालचे आर्म उलटे कलतात आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतं. दोहोंतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर गाडीला कलवणारा रेटाही वाढतो. थोडक्यात, ज्या हँडलिंगसाठी हा खटाटोप केला, तेच बिघडतं. स्प्रिंग दगडासारखी झालेली असल्यामुळे हे कळत नाही, ही त्यातली देवाची कृपा.

चाकं वरून आत झुकवायला विसरू नका. रेसट्रॅकवर असा थोडा झुकाव, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, देतात, कारण भरवेगात गाडी कलली तरी बाहेरच्या बाजूचं टायर रस्त्यावर सपाट टेकावं. तुम्हाला घ्यायचंय ते वळण जंगली महाराज रस्त्यावरच्या पार्किंगचं. तरीही द्या. टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत झिजेल, पण बाहेरून टायर नवंकोरं दिसतं, आणि आपल्याला बाहेरूनच तर दाखवायचंय.

खरी कला गतिरोधकावर दिसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गाडीने तो ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडावा, अशी अपेक्षा. तुमच्या सोसायटीसमोरचा मात्र कमिटीच्या रागाच्या मापाने बांधलेला असतो. तिथे पोचलात की मागच्या सीटवरचे तिघे निमूट उतरतात. एक जण मोबाईलचा टॉर्च लावून डांबरावर गाल टेकतो. ‘ये, ये, ये... थांब! डावीकडून तिरकी घे.’ तुम्ही गाडी आडवी घालता, पूर्ण रस्ता अडतो. मागचा रिक्षावाला आधी हॉर्न वाजवतो, मग कीव येऊन तोही खाली वाकून बघतो आणि न मागता सल्ला देतो. एवढं करून शेवटी ‘खर्रर्र’ होतंच. पुढचा बंपर घासला असेल तर हरकत नाही, तो अनुभव समजा. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर घासून ऑइलची बारीक धार लागली असेल, तर इंजिन लगेच बंद करा. उपरोध बाजूला ठेवून सांगतोय.

हे सगळं वाचून हसणारा दुसरा पंथ आहे: गाडी वर उचलणाऱ्यांचा. थारला महिंद्राने मुळातच २२६ मिलिमीटर क्लिअरन्स आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता दिली आहे. ती कमी पडते म्हणून वर दोन इंच लिफ्ट, मड-टेरेन टायर आणि छतापर्यंत गेलेलं स्नॉर्कल, म्हणजे पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी नळी. कारण विचारलं तर ‘ऑफरोडिंग’. गाडी असते फर्ग्युसन रस्त्यावर, कॉफीच्या दुकानासमोर, नो पार्किंगमध्ये, एक चाक फुटपाथवर. एवढंच ते ऑफरोडिंग. पाण्याची संधी वर्षातून एकदा येते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, पण नेमका तेव्हाच तो वाहतुकीला बंद करतात. स्नॉर्कल आपलं वाट बघत राहतं. आजीला दवाखान्यात न्यायचं तर डिकीत प्लास्टिकचं स्टूल ठेवा. चढताना ती जे बोलेल ते ऐकू आलं नाही असं दाखवा. खाली घेतलेल्या गाडीत उलट प्रश्न आहे. आजी आत सहज जाते, बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

कायद्याचंही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल की चार, हा प्रश्न फार रंजक आहे. फक्त तो चौकात मामांपुढे आपण होऊन काढू नका.

आणि विकायची वेळ आली की मूळ स्प्रिंगा माळ्यावरून काढून बसवा. कापल्या असतील तर जुन्या बाजारात शोधा. जाहिरातीत ‘सिंगल ओनर, डॉक्टर वापर, कंपनी कंडिशन’ एवढंच लिहा. हँडलिंगचा शब्दही काढू नका. गिऱ्हाईक खाली वाकायला लागलं, तर त्याला आधी वर चहाला बोलवा.