प्रकल्प उभा राहिला म्हणजे नदी वाचली, असे नाही

बेळगावला पिण्याचे पाणी राकसकोपहून, म्हणजे मार्कंडेय नदीतून, आणि हिडकलहून, म्हणजे घटप्रभेतून येते. वापरून झाल्यावर तेच पाणी मैल्यासह बळ्ळारी नाल्याने वडगाव-हलग्याच्या शिवारातून वाहत पुन्हा घटप्रभेच्याच खोऱ्यात उतरते. ज्या नद्यांवर शहर जगते त्यांना आपण हे असे परत देतो, याची मला मनापासून लाज वाटते.

सांडपाण्याने नदी मरते ती मुख्यतः श्वास कोंडून. मैल्यावर जगणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. उन्हाळ्यात तीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा तो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम असतो आणि मासे टिकायला किमान चार लागतात. उलट प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याची ऑक्सिजनची भूक, म्हणजेच बीओडी, लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. प्रक्रिया केंद्रात हवा भरलेल्या टाक्यांमध्ये तेच जिवाणू तेच काम नदीबाहेर उरकतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये प्रक्रिया करून सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम ठरवून दिली ती याचसाठी. मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरस काढले नाहीत, तर वरकरणी नितळ दिसणाऱ्या पाण्यातही शेवाळ आणि जलपर्णी माजतात. शेवाळ रात्री स्वतःच ऑक्सिजन खाते, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. चैत्र-वैशाखात प्रवाह आटला की सांडपाणी विरळ करायलाही नदीत पाणी उरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते, उभारलेली क्षमता ३१,८४१ होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया सुमारे २०,२०० दशलक्ष लिटरवरच होत होती. म्हणजे जे बांधले तेही पुरते चालत नाही. कुठे घरांची गटारे मुख्य वाहिनीला जोडलेली नसतात, कुठे पंप बंद असतात, कुठे वीजबिलाला आणि जाणकार माणसांना पैसा नसतो. उद्घाटनाची कोनशिला मात्र सगळीकडे असते.

हलग्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी पिकाऊ जमीन देण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला. माझ्या मते तो विरोध रास्त होता आणि प्रकल्पही आवश्यक होता; शहराच्या घाणीची किंमत बासमती पिकवणाऱ्या शिवारानेच का मोजावी, हा प्रश्न मोबदल्याच्या रकमेने संपत नाही. मलप्रभेकाठच्या खानापूरसारख्या गावांत तर कमी विजेवर चालणारी तळी आणि वनस्पतींचे वाफे पुरेसे ठरू शकतात, पण त्यांनाही जागा लागते. ती आज राखली नाही, तर उद्या तिथे प्लॉट पडलेले असतील.

इचलकरंजीचे सांडपाणी पंचगंगेतून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि चिकोडी भागात येते, ही आपली तक्रार खरीच आहे. पण घटप्रभेच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गोकाकच्या बाजूच्या माणसांना आपल्याविषयी हेच म्हणता येते.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक प्रक्रिया केंद्राच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नदीतला ऑक्सिजन आणि बीओडी दरमहा मोजावा आणि ते आकडे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत, काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. एप्रिल-मे महिन्यांचे आकडे तर कोणत्याही कारणाने चुकवू नयेत.